एकही शब्द न वापरता, नुसत्या आवाजात गोष्ट कशी सांगायची

आवाज गोळा करणं आता काहीच अवघड राहिलेलं नाही. फोन खिशात टाकून बाहेर पडलं की तासाभरात रिक्षा, देवळातली घंटा, भाजीवाला, कुकरची शिट्टी, पत्र्यावरचा पाऊस असं सगळं मिळतं, मग ते एकामागे एक जोडलं की ऐकायला छानच वाटतं आणि ऐकणारा म्हणतो वा, गावची आठवण आली. पण त्याला विचारा यात झालं काय, तर सांगता येत नाही, कारण त्यात काही झालेलंच नसतं. नुसतं वातावरण असतं.

वातावरणापासून गोष्टीपर्यंत कसं जायचं ते इथे सांगतेय. आपल्याकडे आकाशवाणीच्या श्रुतिका आणि नभोनाट्यांची मोठी परंपरा आहे, पण तिथे गोष्ट ओढायचं काम संवाद करतात, पावलं, दार, पाऊस हे सगळे मदतीला येतात. आपण इथे संवादच काढून टाकणार. निवेदक नाही, गाणं नाही, मागे हळवी बासरी तर अजिबात नाही. हे जमतं, आणि फार पूर्वीपासून लोक करत आलेत. जर्मनीत वॉल्टर रुटमान नावाच्या फिल्मवाल्याने १९३० साली ‘वीकेंड’ नावाचा एक सिनेमा केला ज्यात चित्रच नव्हतं. टेपरेकॉर्डर तेव्हा असा हातात यायचा होता, म्हणून त्याने बर्लिनमधले आवाज फिल्मच्या साउंडपट्टीवर घेतले, पट्ट्या कापल्या, जोडल्या, आणि कामाचा आठवडा संपतो तिथपासून सोमवारी परत काम सुरू होतं तिथपर्यंतचा प्रवास साधारण अकरा मिनिटांत बसवला. त्यात बोलण्याचे तुकडे आहेत. १९७८ साली बीबीसी रेडिओवर अँड्र्यू सॅक्स या ब्रिटिश नटाचं ‘द रिव्हेंज’ हे नाटक लागलं त्यात तेही नाहीत, पळणं, धापा, पाणी, दारं, एवढ्यावर अख्खं नाटक.

आता मुद्दा. ऐकणाऱ्याला एखादा आवाज आधी शिकवायचा, त्याची सवय लावायची, आणि मग तो आवाज बदलायचा किंवा येऊच द्यायचा नाही. गोष्ट तिथे घडते. आवाज कितीही सुंदर असू दे, त्याच्याकडून कानाला काही अपेक्षा लागलेली नसेल तर तो पोस्टकार्डावरचं चित्र होऊन बसतो.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

नळाला पाणी येण्याची गोष्ट

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आणि शहरांच्या कितीतरी भागांत नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि ठरलेल्या वेळी जातं. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, फुस्स, मग घसा खाकरल्यासारखी घरघर, मग एक चिळकांडी, परत हवा, आणि मग धार. ज्याने हे ऐकलंय तो झोपेतून उठून बसतो. म्हणजे हा एकच आवाज पहाट झाली, घर कसलं आहे, आता घाई आहे, असं सगळं सांगून जातो.

त्याच्या पुढची गंमत कळशीत आहे. कळशी नळाखाली लावली की सुरुवातीला रिकाम्या बुडावर धार पडते तो आवाज खोल, घुमणारा असतो. पाणी चढत जातं तशी आतली हवेची जागा कमी होते आणि जागा कमी होईल तसा आवाज बारीक होत जातो, गळ्याशी आल्यावर तर भराभर चढतो. म्हणून स्वयंपाकघरात पाठ करून उभी असलेली बाई सुद्धा बरोबर वेळेला येऊन नळाखालून कळशी काढते, तिला बघावं लागत नाही. गोष्ट सांगणाऱ्यासाठी हे सोनं आहे. ज्या आवाजाला स्वतःचीच सुरुवात आणि शेवट आहे, आणि शेवट जवळ आलाय हे जो स्वतःच सांगतो, तो आवाज मिळाला की अर्धं काम झालं.

तर गोष्ट अशी. अंधार आहे, रातकिडे, भिंतीवरचं घड्याळ. नळातून हवा. कॉट करकरते, स्लीपर फटक फटक येतात, बांगड्या वाजतात. धार सुरू, कळशी भरते, आवाज वर चढतो, अगदी वेळेवर बांगड्या येतात, कळशी बाजूला, दुसऱ्या रिकाम्या भांड्याच्या बुडावर धार पडते. परत तसंच. भरलं, बांगड्या, बाजूला. इथपर्यंत ऐकणाऱ्याला नियम कळला. आता तिसरी कळशी लागते. आतल्या खोलीत लाकडी टेबलावर फोन थरथरतो. स्लीपर आत जातात. थरथर थांबते, म्हणजे फोन उचलला. कळशी भरत चाललीय, आवाज चढतोय, चढतोय, गळ्याशी आला, आणि बांगड्या येत नाहीत. पाणी काठावरून फरशीवर पडायला लागतं. पडत राहतं. कोणी येत नाही. बऱ्याच वेळाने नळाची धार बारीक होते, थेंब, मग हवा. पाणी गेलं. घड्याळ चालू आहे.

एक शब्द नाही, पण ऐकणाऱ्याला पक्कं कळलेलं असतं की फोनवर काहीतरी वाईट कळलंय आणि ती बाई अजून तशीच बसलीय. शिवाय पाणी जाण्याची वेळ झाली, म्हणजे मध्ये बराच वेळ गेला हेही नळानेच सांगितलं, त्यासाठी ‘एक तासानंतर’ अशी पाटी दाखवायची सोय इथे नाही आणि गरजही नाही.

नियम किती वेळा दाखवायचा हा प्रश्न येतो. एकदा झालं तर ती नुसती घटना असते, दुसऱ्यांदा झालं की कान म्हणतो अच्छा हे असं चालतं, तिसऱ्यांदा मोडायला हरकत नाही. चार-पाच वेळा दाखवलं तर माणूस कंटाळतो. पण दुसरी फेरी पहिलीपेक्षा आखूड करा, सगळी कळशी परत पूर्ण ऐकवू नका, कानाला पुढचं माहीत असतं.

कान कुठे ठेवलाय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. सिनेमात कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवतात तसं इथे ऐकणाऱ्याचा कान कुठे आहे ते आधी ठरवायचं. वरच्या गोष्टीत कान कळशीपाशी आहे. बाई आत गेली तरी कान तिच्या मागे गेला नाही. त्यामुळे फोनवर ती काय बोलली ते आपल्याला ऐकू आलं नाही, आणि ऐकू न येणं पटलंही. हाच कान तिच्या सोबत आत नेला असता तर पंचाईत झाली असती, कारण फोन उचलल्यावर माणूस हॅलो तरी म्हणतोच, आणि मग तिला जबरदस्तीने गप्प ठेवायचं म्हणजे सगळं मूकाभिनयासारखं खोटं वाटायला लागतं. बिनशब्दांच्या गोष्टी फसतात त्या बहुतेक इथेच, जिथे माणूस बोललाच असता तिथे त्याला बोलू देत नाहीत. म्हणून अशी जागा शोधा जिथे बोलणं नसणंच खरं आहे. एकटा माणूस. झोपलेलं घर. भिंतीपलीकडचं भांडण ज्यातला एक शब्द कळत नाही पण चढलेला सूर कळतो. खूप गोंगाटाची जागा, पिठाची गिरणी वगैरे, जिथे लोक खुणांनीच बोलतात.

कान एकदा ठेवला की जवळ आणि लांब सांभाळायचं. नुसता आवाज कमी केला की वस्तू लांब गेली असं होत नाही, ती नुसती हळू वाजते. लांबच्या आवाजातला बारीक, धारदार भाग वाटेत विरतो आणि खोलीतला घुमारा जास्त मिसळतो. विजेचं बघा ना, जवळ पडली की कडाड, लांब पडली की नुसतं गुरगुरणं. भिंतीपलीकडचं काही दाखवायचं असेल तर एडिटिंगमध्ये लो-पास फिल्टर लावा, पाचशे ते आठशे हर्ट्झच्या वरचं उतरवा, लगेच ते शेजारच्या घरात जातं. आणि दार उघडल्याचा आवाज आला की त्याच क्षणी फिल्टर काढा, ऐकणारा आपोआप दारातून आत जातो. आपल्या गोष्टीतला फोन असाच करायचा, मधल्या दारापलीकडे. अर्थात शक्य असेल तर फिल्टरच्या भानगडीत न पडता खरंच आतल्या खोलीत टेबलावर फोन ठेवा आणि माईक नळापाशीच ठेवून रेकॉर्ड करा, खऱ्या घराचा घुमारा कुठल्याही फिल्टरपेक्षा चांगला.

माणसाची ओळख

चेहरा नाही, नाव नाही, मग हीच ती बाई हे कसं कळणार? प्रत्येक पात्राला एक स्वतःचा आवाज द्या, आणि तो फक्त त्याचाच ठेवा. काचेच्या बांगड्या, करकरणारी कोल्हापुरी, किल्ल्यांचा जुडगा, काठी, फरशीवर टिकटिकणारी जोडवी, दम्याचा श्वास. बांगड्या मला आवडतात कारण त्या हात काय करतोय ते पण सांगतात, पोळी लाटतानाची लय वेगळी, भांडं उचलताना वेगळी, कपाळावर हात मारला तर वेगळी. आणि बांगड्या थांबल्या की हात थांबला. दोनच पात्रं असू द्या, तीन झाली की कानाला हिशोब ठेवता येत नाही.

श्वास, उसासा, खोकला, हुंदका हे सगळं वापरता येतं पण हात आखडून. हुंदका ऐकवला की ऐकणाऱ्याला स्वतःहून समजून घ्यायला काही उरत नाही. आपल्या गोष्टीत हुंदका टाकून बघा आणि काढून बघा, काढल्यावरच ती जास्त लागते असं माझं ठाम मत आहे.

कुठला आवाज ओळखू येतो आणि कुठला नाही

डोळे मिटून ऐकलं तर पाऊस, टाळ्या आणि कढईत तळणाऱ्या भज्या यांच्यात फरक करणं अवघड जातं, तिन्ही एकसारखं चरचरतात. म्हणून संशयाच्या आवाजाला एक साक्षीदार द्यायचा. पावसासोबत पन्हळीतून पडणारी धार द्या, लांब गडगडाट द्या, छत्री उघडल्याचा आवाज द्या. तळण्यासोबत झाऱ्याची कढईच्या काठावर टकटक द्या. कधीकधी साक्षीदार आधी आणावा, म्हणजे मुख्य आवाज आल्या आल्या ओळखला जातो.

काही आवाज मात्र आपल्या लोकांना एका सेकंदात कळतात, ते साठवून ठेवा. वीज जाणं घ्या, पंखा हळूहळू मंदावतो, फ्रिज थरथरून गप्प होतो, शेजारच्या घरांतून एकदम ओऽऽ येतं. एसटीतली घंटी घ्या, एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला, त्यात एक गोष्ट तयारच आहे, कोणीतरी उतरायचं राहिलंय आणि दोन घंट्या वाजल्या. खलबत्त्यात वेलची कुटणं म्हणजे घरात काहीतरी गोड चाललंय. गोव्यात सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, सायकलचा भोंगा वाजला की पाव आले. मे-जूनमध्ये पावशा ओरडायला लागला की पाऊस तोंडावर आला. ऋतू चुकवू नका हं, कोकिळ डिसेंबरच्या पहाटे ओरडला तर ज्याला पक्ष्यांचं कळतं तो तिथेच गोष्टीतून बाहेर पडतो.

याच कारणासाठी इंटरनेटवरचे तयार आवाज जपून घ्या. फ्रीसाउंडसारख्या साईटवर प्रचंड माल आहे, लायसन्स नीट वाचून वापरा, काहींना नाव द्यावं लागतं, काही धंद्यासाठी वापरता येत नाहीत. पण तिथे ‘सकाळचे पक्षी’ म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा युरोपातले पक्षी असतात, साताऱ्याच्या पहाटेला ते चालत नाहीत. आपल्याकडे दयाळ, बुलबुल, साळुंकी, कावळे पाहिजेत. दारं, सायरन, रेल्वे, बाजार, यांचंही तेच. बाहेरचे आवाज घ्यायचेच तर वारा, समुद्र, आग असे घ्या ज्यांना देश नाही.

आणि ऐकणाऱ्याला नळातली हवा माहीतच नसेल तर? समजा तुमचा भाचा न्यूजर्सीत वाढलाय, त्याच्या घरी पाणी जातच नाही. तरीही कळशीची गोष्ट त्याला कळेल, कारण नियम आपण गोष्टीच्या आतच शिकवलाय, दोनदा कळशी भरून दाखवलीय. एसटीची घंटी मात्र त्याला कळणार नाही. बाहेरच्या माहितीवर उभी असलेली खूण वापरायची की आत शिकवायची, हे कोणासाठी करताय त्यावर ठरवा.

रेकॉर्डिंग

आधी कागद घ्या आणि दोन रकाने करा, डावीकडे काय होतं, उजवीकडे त्यामुळे काय ऐकू येतं. ज्या ओळीचा उजवा रकाना रिकामा राहतो ती गोष्ट तुम्हाला सांगता येणार नाहीये, ती बदला. ‘तिला मुलाची आठवण येते’ याच्यासमोर काय लिहिणार? काहीच नाही. ‘ती मुलाची खुळखुळा असलेली पेटी उघडते’ याच्यासमोर लिहिता येतं.

मग साधन. फोन चालतो. फक्त फोनमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं असतं, ते सलग येणारा आवाज गोंगाट समजून दाबू शकतं, आणि आपल्याला तर नळाची धारच पाहिजे. सेटिंगमध्ये नॉईज कमी करण्याचा पर्याय असेल तर बंद करा, डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज आहे तसा साठवणारी, फाईल देणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि जमलं तर २४ बिट. फोन एअरप्लेन मोडवर टाका. लेव्हल अशी ठेवा की सर्वात मोठा आवाज ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल (शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो), फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. भांडं आपटणं, दार धाडकन लावणं असले आवाज वेगळे घ्या, लांबून घ्या. फोन हातात धरू नका, बोटांची हालचाल खरखर होऊन येते, उशीवर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. बाहेर वारा असेल तर माईकवर फोम लावा किंवा लोकरी मोजा चढवा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कानात हेडफोन हवेतच, उघड्या कानाला फ्रिज ऐकू येत नाही, माईकला येतो.

फ्रिजवरून आठवलं. रेकॉर्डिंगच्या आधी पंखे बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज बंद केल्यावर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्या. साउंडवाले लोक हे करतात, कारण घरातून निघताना किल्ली शोधावीच लागते आणि फ्रिज परत चालू करायचं लक्षात येतं, नाहीतर दूध गेलं. शहरात राहत असाल तर रात्री उशिरा किंवा पहाटे पाच वाजायच्या आत काम उरका.

कळशी कशी घ्यायची ते नीट सांगते. माईक कळशीच्या तोंडाच्या बरोबर वर नको, एक हात लांब आणि थोडा तिरका, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत आणि घुमारा पण मिळेल. तांब्याची, स्टीलची, प्लॅस्टिकची तिन्ही भरून बघा, प्लॅस्टिकची बोदी वाजते, तिच्यात चढणारा सूर तितका स्पष्ट येत नाही, मी धातूचीच घेईन. धार एकाच वेगाने ठेवून पूर्ण भरू द्या, मध्ये नळाला हात लावू नका. मग बारीक धारेने एकदा, मोठ्या धारेने एकदा. सांडणं वेगळं घ्या, भरपूर घ्या, कारण गोष्टीचा सगळा भार त्याच्यावर आहे. बाथरूममध्ये टाइल्समुळे फार घुमतं, मोरी किंवा अंगण बरं पडतं. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला तोंडाने नाव घ्या, ‘कळशी तांब्याची, मोठी धार’, नाहीतर रात्री पन्नास फाईली सारख्याच नावाच्या दिसतात. आणि हो, हे पाणी झाडांना घाला.

प्रत्येक जागेची ‘शांतता’ एक मिनिटभर रेकॉर्ड करून आणा, हे चुकवायचं नाही. शांत खोलीलाही आवाज असतो, लांबचा रस्ता, ट्यूबलाईटची गुणगुण. दोन आवाजांच्या मध्ये खरंखुरं शून्य ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं फाईल बंद पडली, तिथे त्या जागेची शांतता खाली पसरायची.

जे मिळत नाही ते बनवायचं. सिनेमात ही कला जॅक फॉलीच्या नावाने ओळखली जाते, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत बोलपट आले तेव्हा तो पडद्याकडे बघत पावलांचे, कपड्यांचे आवाज काढायचा. नारळाच्या करवंट्या म्हणजे घोडा हे सगळ्यांना माहीत आहे. वेफर्सचं पाकीट हळू चुरगाळलं की आग, चामड्याचे हातमोजे फडफडवले की पक्ष्याचे पंख, जुन्या कॅसेटमधली टेप बाहेर ओढून तिच्या गुंत्यावर पाय ठेवला की गवत, पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर दाबलं की बर्फातली पावलं, ताजं गाजर मोडलं की हाड. खरा आवाज पटत नसेल आणि खोटा पटत असेल तर बिनधास्त खोटा घ्या. चहा ओतायचा असेल तर मात्र गरमच ओता, गरम आणि गार पाणी ओतताना वेगळं ऐकू येतं, डोळे मिटून करून बघा.

जोडणी

आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. तीन ट्रॅक पाडा, खाली जागा, मध्ये वस्तू, वर माणूस. जागेचा ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, रातकिडे हळूहळू कमी करत न्या आणि उजाडलं की पक्षी वाढवा, पण इतकं सावकाश की कोणाला कळू नये. वस्तूंचे तुकडे जिथे जोडाल तिथे छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा हळूच वर येऊ द्या, नाहीतर टिक ऐकू येते. एका वेळी पुढे एकच आवाज असू द्या. कान एका वेळी एकाच आवाजामागे लागतो, दोन सारख्याच ठळक गोष्टी वाजल्या तर त्यातली एक वाया जाते. फोन थरथरतो तेव्हा धार जरा खाली घ्या, उचलला की परत वर आणा.

आता सांडण्याचा भाग. इथे हात कापतो, वाटतं फार लांबलं, लोक कंटाळतील, आणि माणूस पाच सेकंदांत कापून टाकतो. कापू नका. पहिली पाच सेकंदं ऐकणाऱ्याला वाटतं येईल आता. दहाव्या सेकंदाला तो मनातल्या मनात तिला हाक मारतो. विसाव्याला त्याला कळतं. तेवढा वेळ त्याला मिळाला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात सांडण्याच्या आवाजातही थोडा बदल हवा, आधी काठावरून थेंब, मग पातळ पडदा, मग फरशीवर साचलेल्या पाण्यात पडणारं पाणी, ते वेगळं वाजतं, आणि शेवटी कुठेतरी मोरीच्या जाळीत गुळगुळ. मग धार बारीक होण्यापर्यंतचा मधला वेळ हळू फेडने कापून टाकता येतो.

शेवट बदलला की बातमी बदलते, हे करून बघण्यासारखं आहे. तेच सांडणं ठेवा, पण विसाव्या सेकंदाला साचलेल्या पाण्यातून छपछप पळत येणारी स्लीपर, नळ बंद, आणि थोड्या वेळाने डब्याचं झाकण, साखर, खलबत्त्यात वेलची. आनंदाची बातमी होती. किंवा सावकाश छपछप, नळ बंद, कपाटाचं दार, बॅगेची चेन, बाहेर कुलूप आणि रिक्षा. तिला कुठेतरी जावं लागलं. आधीची अडीच मिनिटं जशीच्या तशी, म्हणजे सांडणाऱ्या पाण्याला स्वतःचा अर्थ नव्हता, शेजारच्या आवाजाने तो दिला.

पहिली गोष्ट दोन-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. नाव मात्र विचार करून द्या, कारण एवढेच शब्द तुमच्याकडे आहेत. ‘पाण्याची वेळ’ असं नाव दिलं की पहिल्या फुस्सपासून ऐकणारा तयार असतो, ‘वाईट बातमी’ दिलं की सगळं संपलं.

ऐकवून बघताना

ज्याला काहीच सांगितलेलं नाही अशा माणसाला ऐकवा आणि ‘कसं वाटलं’ विचारू नका, त्याला सगळे छान म्हणतात. ‘काय झालं’ विचारा. त्याने सांगितलेली गोष्ट तुमच्या गोष्टीशी तंतोतंत जुळली पाहिजे असं नाही, फोनवर आईचं कळलं की मुलाचं, हे त्याचं त्याने ठरवू दे. पण फोन आला, ती परत आली नाही, पाणी गेलं, एवढं यायलाच पाहिजे. फोन कळलाच नाही म्हणाला तर थरथर लाकडावर पुरेशी वाजत नाहीये, फोनखाली स्टीलची ताटली ठेवून परत घ्या. बांगड्या कशाला होत्या असं विचारलं तर पहिल्या दोन फेऱ्यांत त्या वेळेवर आणि ठळक आल्या नाहीत. पुढे काय होतं असं विचारून तो तुमच्याकडे बघत राहिला तर काहीही बदलू नका.

शेवटचं टेक्निकल. ऑडॅसिटीत लाऊडनेस नॉर्मलायझेशन आहे, पॉडकास्टला चालतं तसं उणे १६ एलयूएफएसवर (एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं हे माप) आणा, पण कॉम्प्रेसर मारून हळू आवाज मोठे करू नका, घड्याळ हळूच ऐकू यायला हवं. हेडफोनवर ऐका, मग फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तिथेच ऐकणार आहेत. त्या स्पीकरवर साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं येत नाही, म्हणजे रिकाम्या कळशीची खोल घूम तिथे हरवते, तिच्यासोबत धातूची थोडी किणकिण ठेवली तर सुरुवात आणि शेवट यांतला फरक टिकतो. डाव्या-उजव्या कानावर गोष्ट अवलंबून ठेवू नका. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, फाईल आहे तशी पोचते, सोबत ‘हेडफोन लावून, एकट्याने ऐका’ एवढं लिहा.